हीट लावायला गेलो आणि हिट लागला: सारख्या नावांच्या थ्रिलर-दरोडा सिनेमांचा घोळ कसा सोडवायचा

हा प्रॉब्लेम आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी होतोच आणि दरवेळी माझ्याच अंगावर येतो, कारण घरातलं वायफाय, रिमोट, पासवर्ड सगळं माझ्या गळ्यात आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

प्रॉब्लेम साधा वाटतो. सिनेमा हवा असतो एक, लागतो दुसराच, आणि लागल्यावर पाच-दहा मिनिटं कोणाच्या लक्षातच येत नाही. तेवढ्यात भेळ संपते.

सगळ्यात मोठा घोळ मे महिन्यात झाला. आम्ही नाशिकरोडच्या जेलरोडला राहतो, गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं की आठ-साडेआठपर्यंत बरी हवा सुटते, म्हणून विंगमधली चार घरं मिळून सिनेमा लावायचं ठरलं. खालच्या काकांचा प्रोजेक्टर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना क्लिपा लावून ताणलेली पांढरी चादर, चटया, एक्स्टेंशन बोर्ड. सिनेमा अण्णांनी निवडला होता. अण्णा म्हणजे माझे सासरे, प्रेसमधून रिटायर झालेत (नाशिकरोडला प्रेस म्हटलं की नोटांचीच, पेपरवाल्यांची नाही), आणि दरोड्याचे सिनेमे हा त्यांचा जीव की प्राण. त्यांना हीट बघायचा होता, मायकल मानचा, १९९५ चा, ज्यात अल पचिनो पोलीस आणि रॉबर्ट डी नीरो चोर.

मी एक्स्टेंशनच्या मागे, रिमोट लेकाच्या हातात. त्यानं माइक दाबून सांगितलं "हीट". स्क्रीनवर आला राजकुमार राव. ती हिट: द फर्स्ट केस, २०२२ ची हिंदी, तीही थ्रिलरच, खाली लगेच त्याचीच २०२० ची मूळ तेलुगू, त्याच्याखाली सेकंड केस, थर्ड केस. शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून मार्क कापायचे तेव्हा वाटायचं याचा आयुष्यात काय उपयोग, तर हा उपयोग. मशीनला आपली दीर्घ ई ऐकूच येत नाही. मी लांबूनच ओरडले की टाइप कर, तर त्यानं एच-ई-ए-टी टाइप केलं, पहिलं जे आलं ते दाबलं, आणि ते होतं द हीट. २०१३ चं. सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थीची कॉमेडी.

आता गंमत बघा, त्या सिनेमाची सुरुवात पोलिसांच्या धाडीनंच होते. एफबीआयची बाई घरात शिरते, लपवलेला माल शोधून काढते, कुत्र्यालाही जे सापडत नाही ते तिला सापडतं. त्यामुळे चादरीसमोर बसलेल्या कुणालाच शंका आली नाही. सगळे गंभीर चेहऱ्यानं बघतायत. अण्णांनी मात्र दोनदा विचारलं, "अगं, पचिनो कुठंय?" मी म्हटलं, "येईल अण्णा, तीन तासांचा आहे ना." मग दुसरी पोलीसबाई आली आणि तिनं तोंड उघडल्यावर ज्या काही इंग्लिश शिव्यांचा पट्टा सुरू झाला! पुढच्या रांगेत आज्या बसलेल्या, त्यांना कळत नव्हतं ते एक बरं, पण आठवी-नववीतल्या पोरांना सगळं कळत होतं आणि ती एकमेकांकडे बघून खुसखुसत होती.

तर आता उपाय. त्या रात्रीनंतर मी जे जे करून बघितलं त्यातलं जे खरंच चालतं तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे नुसत्या नावानं शोधायचं बंद करा. नाव अधिक वर्ष अधिक माणूस. पण इथे एक मेख आहे, बऱ्याच ॲपच्या सर्चला वर्ष कळतच नाही, तुम्ही १९९५ टाकलं की ते त्यातून भलतंच काढतं. मग वर्ष टाकायचं नाही, वर्ष फक्त डोळ्यांनी बघायचं, आणि शोधायचं माणसाच्या नावानं. माणूस शक्यतो डायरेक्टर घ्या, हिरो नको. कारण "डी नीरोचा चोरीचा सिनेमा" एवढ्या खुणेत १९९५ चा हीट बसतो, २००१ चा द स्कोर बसतो आणि २०१५ चा हाइस्टही बसतो. हाइस्ट तर अजून वाईट केस, कारण २००१ मध्ये त्याच नावाचा जीन हॅकमनचा आहे, डेव्हिड मॅमेटचा, आणि २०१५ वाला काही ठिकाणी बस ६५७ या नावानं आलाय. म्हणजे एकाच नावाचे दोन सिनेमे, वर त्यातल्या एकाला दोन नावं! मायकल मान टाइप केलं की हीट पहिल्या चार-पाचात येतो, विषय संपला.

दुसरं, वर्ष बघताना फसू नका, नावातला आकडा म्हणजे वर्ष नाही. स्कॅम १९९२ आली २०२० मध्ये आणि स्कॅम २००३ आली २०२३ मध्ये. (ही दुसरी स्टॅम्प पेपर घोटाळ्याची, त्यात आमच्या नाशिकरोडचा विषय निघतो, त्यामुळे आमच्याकडे ती दोनदा बघून झाली.) शिवाय सिरीज असेल तर काही ॲप शेवटच्या सीझनचं वर्ष दाखवतात, पहिल्याचं नाही. ओशन्स इलेव्हनवाल्यांचं तर विचारूच नका. १९६० चा फ्रँक सिनात्राचा, त्याच्या नावात ११ आकड्यात. २००१ चा जॉर्ज क्लूनीचा, त्यात इलेव्हन अक्षरात. पुढे ट्वेल्व्ह २००४ ला, थर्टीन २००७ ला, दोन्ही अक्षरात, आणि मग २०१८ मध्ये बायकांची टोळी घेऊन आला तो ८, परत आकड्यात. लेकानं एकदा विचारलं, "आठवा आला, मग नववा, दहावा कुठंय?" म्हटलं बाळा, ते आकडे भागांचे नाहीत, टोळीत किती माणसं तेवढे आहेत. आकड्यात टाकून मिळालं नाही तर अक्षरात टाका, इतकंच.

तिसरं, पोस्टरवर अजिबात विसंबू नका. एकाच सिनेमाचं पोस्टर माझ्या प्रोफाइलला वेगळं, अण्णांच्या प्रोफाइलला वेगळं असं सर्रास होतं. "निळ्या पोस्टरवाला" ही खूण घरातल्या दुसऱ्या टीव्हीवर चालत नाही.

चौथं, लांबी. हे मला फार उशिरा सुचलं आणि सगळ्यात जास्त कामाला आलं. हीट आहे १७० मिनिटांचा, द हीट ११७ चा. प्ले दाबायच्या आधी नुसता तो आकडा बघितला असता तर गच्चीवर शोभा झाली नसती. ज्वेल थीफचंही तसंच, १९६७ चा विजय आनंदचा देव आनंदवाला तीन तासांच्या पुढे जातो, २०२५ चा सैफ अली खानवाला दोन तासांत आटपतो. मध्ये १९९६ चा रिटर्न ऑफ ज्वेल थीफ पण आहे, त्यातही देव आनंद, तो लागला तर अण्णा रागावतात. पण लांबीची युक्ती सगळीकडे चालत नाही हां. न्यूयॉर्कच्या सबवेतली ट्रेन पळवतात तो पेलहॅम, १९७४ चा आणि २००९ चा, दोघांच्या लांबीत दोन-तीन मिनिटांचा फरक. तिथे परत माणसावर या, २००९ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि जॉन ट्रॅव्होल्टा आहेत.

पाचवं, आणि हे माझं स्वतःचं, पहिल्या सीनची परीक्षा. प्रत्येक सिनेमाची सुरुवात एका ओळीत लिहून ठेवायची. लावला आणि दोन मिनिटांत तो सीन दिसला नाही की लगेच बंद. हीट: रात्रीची वेळ, स्टेशनवर ट्रेन येते, डी नीरो उतरतो आणि हॉस्पिटलात जाऊन ॲम्ब्युलन्स पळवतो. इटालियन जॉब १९६९: डोंगरातल्या वळणांवर लॅम्बोर्गिनी, मागे निवांत गाणं, आणि बोगद्यात गाडीचा चुराडा. इटालियन जॉब २००३, मार्क वॉलबर्गवाला: सुरुवातच व्हेनिसला. ओशन्स इलेव्हन २००१: क्लूनी जेलमध्ये खुर्चीवर बसलाय आणि त्याला सुटका झाल्यावर काय करणार म्हणून विचारतायत. माझ्याकडे अशी वही झालीये, लेकाची जुनी भूगोलाची वही, मागच्या पानांपासून लिहिलेली. नवरा हसतो, पण आता तोच विचारायला येतो.

मनी हाइस्टला सीनही लागत नाही, मुखवटा बघा. दाली या चित्रकाराच्या मिशांचा मुखवटा म्हणजे स्पॅनिश, २०१७ ची मूळ. कोरियन लाकडी मुखवट्यासारखा हसरा चेहरा म्हणजे २०२२ ची कोरियन. कथा सुरुवातीला इतकी सारखी आहे की डब केलेली लावली तर एखादा भाग निघून जाईल आणि कळणार नाही. स्पॅनिशमध्ये ते पहिल्यांदा टांकसाळीत शिरतात, नोटा चोरत नाहीत, आत बसून छापतात. अण्णांनी ती सिरीज ज्या पद्धतीनं बघितली ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पुढे सरकून, चष्मा कपाळावर, प्रोफेसरचं, म्हणजे टोळीच्या म्होरक्याचं, काय चाललंय त्याच्याशी घेणं नाही, नजर फक्त मागच्या मशीनवर. "थांब, मागे घे. शाई वाळायला वेळ लागतो गं, अशी लगेच गठ्ठे बांधतात होय? हात बरबटतील त्याचे." मी तीनदा मागे घेतलं. नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस १९२८ ची, त्यात अख्खी नोकरी काढलेला माणूस शेजारी बसला असेल तर दरोड्याच्या सिनेमाची मजाच वेगळी असते, फक्त सिनेमा संपायला डबल टाइम लागतो.

त्याच नादात डॉनचाही घोळ झाला. अण्णांना हवा होता "नोटांच्या प्लेटा चोरतात तो डॉन". मी १९७८ चा अमिताभचा लावला. ते म्हणाले हा नाही. २००६ चा शाहरुखचा लावला, हाही नाही. तिसऱ्यांदा सर्चमध्ये आला २०२२ चा तमिळ डॉन, शिवकार्तिकेयनचा, तो तर कॉलेजचा सिनेमा. हवा होता डॉन २, २०११ चा, बर्लिनमध्ये प्लेटा चोरतो तो. पण यातून एक गोष्ट शिकले, घरातल्या मोठ्यांना नाव विचारायचंच नाही, सीन विचारायचा. नाव ते चुकतात, सीन कधीच चुकत नाहीत. "आंधळे बँक लुटतात तो" एवढं सांगितलं तर गाडी थेट २००२ च्या आँखेंवर जाते, विपुल शहाचा, अमिताभ आंधळ्यांना ट्रेनिंग देतो तो. नाव घेतलं तर मात्र अजूनही आहेत, १९६८ चा रामानंद सागरांचा हेरगिरीचा धर्मेंद्रवाला आणि १९९३ चा डेव्हिड धवनचा गोविंदावाला. शेजारच्या काकूंना बँकेचा हवा होता, गोविंदा लागला, लाल दुपट्टेवाली सुरू झालं, मग कोणी बदलूच देईना. शेवटपर्यंत बघितला. असा प्रॉब्लेम असेल तर निवारण नका करू.

आँखें शोधताना स्पेलिंग पण बदलून बघा. एक ए, दोन ए, शेवटी आय घालून, न घालून. हिंदी-मराठी नावं इंग्रजी अक्षरात कशी लिहायची याचा काही नियम नाही आणि प्रत्येक ॲपवाल्याचं आपलं आपलं असतं. एका स्पेलिंगला नाही मिळालं म्हणजे तिथे सिनेमाच नाही असं धरू नका.

भाषेचा घोळ वेगळा. दृश्यम घ्या. मल्याळम २०१३ चा, मोहनलाल, जीतू जोसेफ. हिंदी २०१५ चा, अजय देवगण, आपल्या निशिकांत कामतांनी केलेला. दुसरा भाग मल्याळममध्ये २०२१ ला थेट ओटीटीवर आला, हिंदीत २०२२ ला थिएटरला. नाव तेच, गोष्ट तीच. इथे लांबी चालत नाही, सीन चालत नाही, डिटेल्समध्ये जाऊन मूळ भाषा कुठली ते बघावंच लागतं, आणि ऑडिओच्या यादीवर जाऊ नका, ती डबची पण असते. आणि याच्या उलटंही होतं, नाव पूर्ण वेगळं आणि सिनेमा तोच. अब्बास-मस्तानचा २०१२ चा प्लेयर्स हा इटालियन जॉबचा रीतसर रीमेक. अल्लू अर्जुनचा जुलायी, ज्यात बँकेचा दरोडा आहे, तो हिंदी डबमध्ये डेंजरस खिलाडी होतो. "हा बघितलाय मी कुठेतरी" असं वाटायला लागलं की तुमचं डोकं ठीक आहे, नाव बदललंय.

मराठीतही होतं बरं का. सासूबाईंना वजीर हवा होता, विक्रम गोखल्यांचा, सांज ये गोकुळी ज्यात आहे तो. लागला २०१६ चा हिंदी वजीर, अमिताभ आणि फरहान अख्तरचा थ्रिलर. बुद्धिबळ, खून, बॉम्ब. त्या पंधरा मिनिटं शांत बसल्या आणि म्हणाल्या, "गाणं कधी येणार?"

ज्यांच्याकडे पेन ड्राइव्हवर किंवा घरच्या मीडिया सर्व्हरवर साठा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोडी, प्लेक्स, जेलीफिन, काहीही वापरा, फाइलच्या नावापुढे कंसात रिलीजचं वर्ष टाका, हीट (१९९५) असं, आणि प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर. नाहीतर सॉफ्टवेअर अंदाजानं पोस्टर चिकटवतं आणि पचिनोच्या फाइलवर सँड्रा बुलक बसते. चिकटलंच असेल तर फाइल डिलीट करू नका, मॅच दुरुस्त करायचा ऑप्शन असतो, तिथे आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवरचा नंबर टाकायचा. प्रत्येक सिनेमाचा तो एकच असतो, हीटचा टीटी ०११३२७७. स्कॅम १९९२ सारख्याला सॉफ्टवेअर नावातलंच १९९२ हे वर्ष समजून बसू शकतं, तिथे कंसात २०२० वेगळं टाकाच. आणि एकाच वर्षात एकाच नावाचे दोन असतील तर आयएमडीबी त्यांना रोमन आकडे लावतं, ते पण बघा.

लोक विचारतात की एकसारखी नावं ठेवूच कशी देतात. देतात, कारण नावावर कॉपीराइट नसतो. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं देसी बॉइजच्या केसमध्ये हेच सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मागता येत नाही. निर्मात्यांच्या संघटना नावं रजिस्टर करून ठेवतात, पण ती त्यांच्या सभासदांमधली आपसातली व्यवस्था. त्यात या सिनेमांचं शब्दांचं भांडवलच किती, जॉब, बँक, चोर, हाइस्ट, थीफ, प्लेयर, झालं. नावं संपतातच. म्हणजे हा प्रॉब्लेम वरून कोणी सोडवणार नाही, आपल्यालाच रिमोट सांभाळायचाय.

आता कायमचा बंदोबस्त जो आम्ही केलाय तो. शोधाशोध गच्चीवर करायची नाही. दोन दिवस आधी घरी, दिवसाउजेडी, वर्ष-माणूस-लांबी बघून सिनेमा वॉचलिस्टमध्ये टाकायचा, पहिली दोन मिनिटं लावून सीन जुळवायचा, आणि शनिवारी फक्त वॉचलिस्ट उघडायची. माइकला हात लावायचा नाही. ज्या प्रोफाइलमध्ये टाकलाय तीच प्रोफाइल उघडायची हे पण लक्षात ठेवा, मी एकदा माझ्यात टाकला आणि अण्णांची प्रोफाइल उघडून वीस मिनिटं सगळ्यांना ताटकळत ठेवलं. ग्रुपवर मेसेज टाकतानाही नुसतं नाव टाकत नाही, वर्ष आणि एक सीन टाकते.

जूनच्या पहिल्या शनिवारी, पावसाच्या आधीचा शेवटचा शो म्हणून, अण्णांचा हीट एकदाचा बरोबर लागला. ट्रेन आली, स्टेशन आलं, डी नीरो उतरला, अण्णांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आता पावसाळ्यात काकांच्या हॉलमध्ये चाललंय. या शनिवारसाठी काल मेसेज टाकला: "इटालियन जॉब, १९६९ चा, मायकल केन, शेवटी कड्यावर बस लटकते तो. सात वाजता. चटई आपापली." दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून रिप्लाय आला, "मस्त! तो मार्क वॉलबर्गचा ना?"